दीड तासाची सोय

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
आणि
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या प्रौढांसाठी वस्तीतल्या घरांची आणि तिथं लागणाऱ्या माणसांची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

पत्र एकच आहे, पाकिटं दोन आहेत. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात मी ३३ वर्षं काढली. दोन विभागांच्या मधे पडलेल्या विषयाचं काय होतं ते मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नसल्याने’ अशी सुरुवात असलेली पत्रं मी स्वतः टाइप करून घेतली आहेत, तेव्हा कुणाला नावं ठेवत नाही. मानसिक आरोग्याचा कायदा आरोग्य विभागाकडे, दिव्यांगांचा कायदा दिव्यांग कल्याणकडे, आणि माझा धाकटा भाऊ दोन्ही कायद्यांत बसतो. म्हणून दोन पाकिटं.

धाकटा आता ५८ वर्षांचा आहे. १९८९ साली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलच्या खोलीच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवून तो सहा दिवस बसून राहिला. वडील जाऊन घेऊन आले. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात यायला त्यानंतर दोन वर्षं लागली. मधे देवऋषी झाला, नरसोबाची वाडी झाली, ‘लग्न करून टाका, सुधारेल’ असं सांगणारेही झाले. त्या सल्ल्याला आईनं दाद दिली नाही, हे तिचे कुठल्या तरी मुलीवर उपकारच. पुढे औषधं बदलत बदलत क्लोझापिन लागू पडलं आणि गेली १४ वर्षं त्याला इस्पितळात भरती करावं लागलेलं नाही. लाळ गळते, वजन वाढलंय, महिन्यातून एकदा रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्या लागतात. आवाज अजून येतात. ‘येतात, पण आता ते शेजारच्यांच्या टीव्हीसारखे आहेत,’ असं तो म्हणतो.

आईवडील गेले. मी ६४ वर्षांची. लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण धाकटा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक फार लवकर हळहळतात. माझ्यानंतर जवळचा म्हणावा असा एक चुलतभाऊ आहे. नाशिकला असतो, मनानं फार चांगला, वयानं ७१.

आता हिशेब. मागच्या वर्षी मी एका जुन्या रोजकीर्दीत धाकट्याला रोज माझी खरोखर किती मदत लागते ते लिहायला घेतलं. सकाळची गोळी आणि सोबत चहा, पाच मिनिटं. रात्रीच्या गोळ्या दहा मिनिटं, कारण त्या गिळल्या की नाहीत ते बघत थोडं बसावं लागतं, आणि बघतोय असं दिसू द्यायचं नसतं. आंघोळीची आठवण आणि धुतलेले कपडे समोर ठेवणं, पंधरा. स्वयंपाकघरात अर्धा तास. भाजी तो सुरेख चिरतो, कुकरही लावतो, पण गॅसपाशी कुणीतरी असावं लागतं. खर्चायचे पैसे आणि उरलेल्यांचा हिशेब, दहा मिनिटं. आणि गप्पा, वीस. बेरीज नव्वद मिनिटं. दीड तास.

बाकीचे साडेबावीस तास तो झोपतो, आकाशवाणीचं सातारा केंद्र ऐकतो, पोवई नाक्यापर्यंत चालत जाऊन येतो, शेजारच्या मुलाचं बीजगणित सोडवून देतो, बिड्या ओढतो आणि आपला आपण असतो. वर्षातून दोनेकदा घडी बिघडते. मोठ्यानं काही होत नाही. आधी रेडिओ बंद होतो, मग पहाटे तीनला रद्दीच्या घड्या घालून दाराशी लावून ठेवलेल्या दिसतात. ते ज्याला ओळखता येतं, तो माणूस त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करतो आणि पुढचे दोन महिने वाचतात. ज्याला ओळखता येत नाही त्याला वाटतं, वा, घर आवरतोय.

हा दीड तास महाराष्ट्रात जवळजवळ कुठेच मिळत नाही, अशी माझी तक्रार आहे. मिळतात ते चोवीस तास, नाहीतर शून्य. माणूस आत हवा असेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून ५६९५ खाटा आहेत. आत नको असेल तर घर आहे, आणि घर म्हणजे आई, नाहीतर बायको, नाहीतर बहीण. ती आहे तोवर सगळं सुरळीत.

ती नसली की काय होतं त्याची रंगीत तालीम आमच्याकडे झालेली आहे. तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत झाली, आणि अकरा दिवस धाकट्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. पैशांची अडचण नव्हती. वडील प्राथमिक शिक्षक होते; त्यांच्यामागे धाकट्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही बँकेत जातो. तिथल्या साहेबांनी एकदा मला हळूच विचारलं, ‘हे बोलतात का?’ धाकट्यानं त्यांना मुदत ठेवीचा दर विचारला, आणि तो ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त का, तेही. असो. तर पैसे होते. एका खाजगी केंद्रात महिना अठरा हजार दरानं ठेवलं. पाटी ‘पुनर्वसन’ अशी होती. एका हॉलमध्ये तीस खाटा, बाहेरून कडी. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण त्या एकट्याचा हा दोष नाही, आणि तिथली माणसं मारकुटी वगैरे मुळीच नव्हती.

अकराव्या दिवशी आणायला गेले तर व्यवस्थापक समाधानानं म्हणाले, ‘बघा, किती शांत झालेत.’ डोकं भादरलेलं, शर्टाचा पुढचा भाग लाळेनं ओला, आणि जीभ जड. तिथे बिडीला बंदी होती. ती बंदी त्यांनी पहिल्याच दिवशी अमलात आणली. आमच्या डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं : रोज ओढणाऱ्या माणसाची बिडी एकदम तोडली की क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण चढतं, डोस तोच असला तरी. म्हणजे धाकटा शांत झालेला नव्हता, गुंगलेला होता. हे कळायला ओळखीचा माणूस लागतो. तीस खाटांमागे दोन जण असले की ओळख राहात नाही, मोजणी राहाते.

लाळ आठवड्यात थांबली. पण घरी आल्यावर महिनाभर तो संडासला जाण्यापूर्वी माझ्यासमोर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, ‘ताई, जाऊ का?’ स्वतःच्या घरात. अकरा दिवसांत एवढं होत असेल तर ज्यांची तिथे वर्षंच्या वर्षं गेली त्यांचा विचार मी फार वेळ करत नाही. झोप लागत नाही मग.

महोदय, कायदा मी वाचलाय. सवयच ती. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा. अंमल २०१८च्या मे महिन्यात सुरू झाला. कलम १८मध्ये सरकारनं ज्या सेवा द्यायच्या त्यांच्या यादीत हाफवे होम (रुग्णालयातून सुटल्यावर घरी जाण्याआधी काही काळ राहायची जागा) आहे, आश्रित निवास आहे आणि सहाय्यित निवासही आहे, तिन्ही वेगवेगळे लिहिलेले. कलम १९ तर मी आमच्या फ्रिजवर लावण्याच्या बेतात होते. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला जागा नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. आणि पुढे म्हणतं की रुग्णालयाची गरज उरली नाही अशांसाठी हाफवे होम, ग्रुप होम यांसारख्या जागा सरकारनं वाजवी कालावधीत उभ्या कराव्यात किंवा करायला मदत करावी. ‘वाजवी कालावधी’ या शब्दांना मी लेखा विभागात फार वर्षं ओळखते. त्यांना अंतिम दिनांक नसतो. अंमल सुरू झाला तेव्हा मी नोकरीत होते, आता पेन्शनीत मुरले.

याच विषयावरून सर्वोच्च न्यायालयानं २०२१च्या जुलैत आपल्या राज्याला बजावलं होतं. गौरवकुमार बन्सल यांची ती याचिका. बऱ्या झालेल्यांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार ताबडतोब थांबवा, असा तो आदेश. खाट तीच, पाटी दुसरी, असं केल्यानं पुनर्वसन होत नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं याची मला एक कर्मचारी म्हणून शरम वाटली. कारण ते कसं झालं असेल मला माहीत आहे. कुणीतरी विचारलं असेल, ‘रिकाम्या जागा कुठे आहेत?’ आणि कुणीतरी तक्ता काढला असेल.

आता दिव्यांग कल्याण विभागाच्या साहेबांकडे वळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. धाकट्याकडे कार्ड आहे, टक्केवारी आहे. पण आयुष्यभराच्या निवासाची ‘घरौंदा’ ही योजना ज्या नॅशनल ट्रस्टची, तो १९९९चा कायदा चारच प्रकारांसाठी आहे : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. स्किझोफ्रेनिया त्यात नाही, बायपोलरही नाही. तो केंद्राचा कायदा आहे, आपल्या हातात नाही, मान्य. पण राज्याला स्वतःची योजना करायला कुणी अडवलेलं नाही.

मी जी सोय म्हणते आहे ती कशी दिसते, ते मी प्रत्यक्ष पाहून आले. ओळखीतून एका संस्थेनं चालवलेल्या घरात एक दुपार काढली. साध्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, दारावर पाटी नाही, चपलांचं स्टँड, तुळस सुकलेली. चार बाया राहतात. चौघींची मिळून मनोरुग्णालयात गेलेली वर्षं मोजली तर ५० भरतात. गावातलीच एक ताई सकाळी सातला येते, दुपारी दुसरी, रात्री एकजण मुक्कामाला. समाजसेविका आठवड्यातून दोनदा.

चहा झाला. ताईनं विचारलंच नाही कुणाला कसा हवा, तिला पाठ होतं. एकीला कोरा, एकीला आलं घालून, एकीला बिनसाखरेचा कारण तिला मधुमेह, आणि चौथी चहा घेत नाही म्हणून तिच्यासाठी वाटीत दूध-पोहे. जी आलं घालून घेत होती ती मला म्हणाली, ‘तिकडं चहा बादलीतनं यायचा. चांगला असायचा हो. पण एकच असायचा.’ मग आमटीत खोबरं घालायचं की नाही यावरून दोघींची जुंपली आणि ताईनं त्यात मुळीच लक्ष घातलं नाही. लक्ष न घालण्याचं शिक्षण तिला दिलेलं आहे, हे मला नंतर कळलं. ते आपण अभ्यासक्रमात जरूर घ्या.

असली घरं ही कुणाची लहर नाही. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था १९९३पासून रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करते. तिथे वर्षानुवर्षं राहून गेलेल्या आणि परत जायला घर नसलेल्या बायांसाठी त्यांनी ‘होम अगेन’ सुरू केलं. चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचं, मदत त्यांच्याकडे येणार. ही पद्धत पुढे केरळात गेली, आपल्या रत्नागिरीतही आली. कर्जतला ‘श्रद्धा’चे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर सापडलेल्यांना बरं करून त्यांच्या गावी पोचवतात, त्यासाठी त्यांना २०१८चा मॅगसेसे मिळाला. ते काम थोरच. पण ज्याच्या गावचं दार बंद आहे, किंवा दार उघडणारी म्हातारी गेली आहे, त्याला कुठे पोचवायचं? बेल्जियममधल्या गील गावातली कुटुंबं तर कित्येक शतकं मनोरुग्णांना घरात पाहुणा म्हणून ठेवून घेत आली आहेत. आपल्याकडे तेवढं मागत नाही. आपल्याकडे भाडेकरू म्हणून चालतील.

अर्थात भाडेकरू म्हणूनही सहज चालत नाहीत. ‘फक्त कुटुंबासाठी’ हे वाक्य सोसायट्यांच्या फळ्यावर असतं, आणि चार मध्यमवयीन पुरुष, नोकरी नाही, संध्याकाळी गॅलरीत बिड्या ओढत बसणार, म्हटल्यावर कोण देणार? इथे संस्थेच्या पत्रापेक्षा सरकारी कागद जड पडतो. करारात भाड्याची हमी शासनाची असू द्या. बघा घरमालकांचा सूर कसा बदलतो. मी ३३ वर्षं बिलं काढली आहेत. सरकारकडून येणारे पैसे उशिरा येतात पण बुडत नाहीत, हे प्रत्येकाला माहीत आहे.

नोंदणीची एक गाठ मात्र आपणच सोडवू शकता. कायद्यात ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे, आणि नातेवाईक किंवा मित्रांसोबत राहातं घर त्यातून वगळलेलं आहे. चार जण एकत्र भाड्यानं राहिले आणि एक पगारी ताई येऊ लागली, तर ते मित्रांचं घर की आस्थापना? आस्थापना म्हटलं की नोंदणी आली, तपासणी आली, नोंदवह्या आल्या, आणि बघता बघता दारावर पाटी आली. पाटी आली की वस्ती तिला दवाखाना समजते. उलट काहीच म्हटलं नाही तर उद्या कुणीही चार माणसं कोंडून ‘हे घरच आहे’ म्हणेल. तामिळनाडूतल्या एरवाडीत २००१च्या ऑगस्टमध्ये साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं आगीत गेली; तीही राहण्याचीच जागा होती. तेव्हा तपासणी हवी. पण तपासणीला येणाऱ्यानं खाटांमधलं अंतर मोजण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : कडी आतून आहे का, आणि काल रात्री काय खायचं ते कुणी ठरवलं?

आता खर्च, कारण त्याशिवाय टिपणी पुढे सरकत नाही. आकडे साताऱ्याचे आणि माझे आहेत. चार जणांच्या तीन खोल्यांचं भाडं १४,०००. आळीपाळीनं येणाऱ्या दोन पूर्णवेळ सहायकांचं मानधन प्रत्येकी १२,००० प्रमाणे २४,०००. रात्रीचा मुक्काम त्यांनीच वाटून घ्यायचा. हे मानधन कमी आहे, मला कळतंय, सुरुवात म्हणून लिहिते. पाच घरांमागे एक समाजसेवक, त्यातला एका घराचा वाटा ६,०००. किराणा, भाजी, दूध माणशी ३,५०० प्रमाणे १४,०००. वीज, गॅस, रिक्षा ३,०००. औषधं जिल्हा रुग्णालयातून. एकूण महिना ६१,०००, म्हणजे माणशी १५,२५०. त्या तीस खाटांच्या हॉलपेक्षा पावणेतीन हजारांनी कमी. प्रत्येक जिल्ह्यात पाचच घरं धरली तर ३६ जिल्ह्यांत १८० घरं, ७२० माणसं, आणि वर्षाला १३ कोटी १७ लाख ६० हजार रुपये. मुंबई-ठाण्याला भाडं पुरणार नाही, तिथला आकडा वाढेल. पण ज्यांना जमतं त्यांच्याकडून वाटा घ्या. आम्ही देऊ. धाकट्याच्या पेन्शनीतून अर्धा खर्च मी आज लिहून देते. ज्याच्याकडे संजय गांधी निराधारचं अनुदान सोडून काही नाही, त्याच्याकडून मागू नका.

स्वतंत्र लेखाशीर्ष तेवढं उघडा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पोटात हा खर्च ढकललात तर मार्चअखेरीला पहिली कात्री यालाच लागेल. पोस्टर छापता येतात, प्रशिक्षणाचे फोटो काढता येतात. कुणीतरी रोज संध्याकाळी शेजारी बसून गोळी दिली, याचा फोटो चांगला येत नाही.

आणि एक विनंती, हाफवे होमची मुदत इथे लावू नका. सहा महिने, वर्षभर, मग ‘सुधारणा झाली, घरी जा’. धाकट्यासारख्याला सुधारून कुठे जायचं नाहीये. त्याला राहायचं आहे. ज्या घराचा पत्ता दर वर्षी बदलू शकतो तिथे माणूस भिंतीला खिळा ठोकत नाही.

हे पत्र टाकण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवलं, त्याच्याबद्दल आहे म्हणून. बिडीचा उल्लेख राहू दे म्हणाला. ‘सोबतचे तिघं कोण असतील?’ असं विचारलं, मी म्हटलं अजून घरच नाही. ‘चालेल, पण सातारा केंद्र लागलं पाहिजे, आणि माझ्या चहात चार चमचे साखर.’ मग रोजकीर्द मागून घेतली आणि बेरीज तपासली.

‘दीड चूक आहे. सव्वा कर. आंघोळीची पंधरा मिनिटं काढ, ते माझं मी करतो.’

‘परवा केली नव्हतीस.’

‘परवा पाणी गार होतं.’

तरी आपण मंजुरी दीड तासाचीच द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
धाकट्याची बहीण,
सातारा